पोहण्याच्या बाईंची पाठ

"आधी काट्यावर," डॉक्टर म्हणाले.

ती अजून दारातच होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरलेली. आत पाऊल टाकताना कमरेच्या जरा वर, पाठीच्या मधोमध अशी कळ उठली होती की काहीतरी धरल्याशिवाय उभं राहणं जमेना. सासूबाई मागेच होत्या. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या काट्यावर उभी राहिली. सुई थरथरली, पुढे गेली, थांबेल असं वाटेपर्यंत आणखी पुढे गेली.

डॉक्टरांनी नुसतं "च्च" केलं.

"बसा. काय होतंय?"

"पाठ दुखते, डॉक्टर. इथे, एकाच जागी. आणि रात्री पडलं की उलट जास्तच—"

"दुखणारच. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर स्प्रिंग बसते की नाही? तुमच्या मणक्यांचं तेच झालंय. व्यायाम काय करता?"

"पोहते."

"छान. सुटीच्या दिवशी?"

"रोज. मी पोहायला शिकवते. सार्वजनिक तलावावर."

डॉक्टरांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मग हसू आवरत म्हणाले, "मग खाणंच जास्त होत असणार."

तिलाही हसू आलं. असल्या वेळी पहिल्यांदा आपणच हसावं, म्हणजे समोरच्याला संकोच वाटत नाही, हे ती शाळेत असल्यापासून शिकली होती.

"पण डॉक्टर, पाण्यात वजन जाणवत नाही. तिथेही दुखतं."

"पाण्यातून बाहेर तर यावंच लागतं ना!"

बोलता बोलता त्यांनी एक कागद पुढे केला. सकाळी काय खायचं नाही, दुपारी काय खायचं नाही, संध्याकाळी काय खायचं नाही, असं सगळं त्यावर छापलेलं होतं. पंधरा किलो उतरवा, पाठदुखी आपोआप थांबेल, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बाहेर गर्दी होती, आणि कारण तर दारातून आत येतानाच दिसलं होतं. सासूबाईंनी कागद घेतला, दुमडला आणि देवाचं काही असावं तसा कपाळाला लावून पर्समध्ये ठेवला.

ह्या आधी ती हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी तर ती खुर्चीत बसण्यापूर्वीच "समजलं" असं म्हटलं होतं.

•

तलावावर ती फक्त 'बाई' होती. पाठीमागे मुलं तिला 'जहाज' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. राग यावा असं त्यात काही नव्हतं. जहाजात बसायला कोणाला आवडत नाही?

तिची शिकवायची रीत निराळी होती. इतर ठिकाणी नव्या मुलाच्या हातात हलकी फळी देतात आणि पाय मारायला लावतात. ती फळी देत नसे. ती स्वतः पाण्यावर उताणी व्हायची, डोळे मिटायची आणि शांत पडून राहायची. मग भेदरलेल्या मुलानं येऊन तिच्या पोटावर डोकं टेकायचं आणि तिच्यासारखंच उताणं पडायचं. "पाण्यावर नंतर तरंग. आधी माझ्यावर तरंग," ती सांगायची. तिचा श्वास वर गेला की मुलाचं डोकं वर जायचं, खाली आला की खाली यायचं. कितीही घाबरट पोर असो, थोड्या वेळानं त्याचाही श्वास तिच्या तालावर यायचा. मग ती हळूच एकेका बोटाएवढी बाजूला सरकायची. मुलाला कळायचंही नाही की आता त्याच्या डोक्याखाली बाई नाहीत, नुसतं पाणी आहे.

जमिनीवर तिचं शरीर सगळ्यांच्या मध्ये यायचं. बसच्या आसनात, दुकानाच्या अरुंद बोळात, फोटोत. पाण्यात मात्र ते कामाचं होतं. शिट्टीवाले काका, म्हणजे तलावाच्या काठावर उंच खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवणारे म्हातारे गृहस्थ, म्हणायचे, "बाई, तुम्ही पाण्यात उतरलात की मला डुलकी काढायला हरकत नसते."

•

डॉक्टरांकडून घरी आल्यावर सासूबाईंनी तो कागद स्वयंपाकघरात चिकटवला.

सासूबाई हळू बोलणाऱ्या. त्यांचा आवाज कधी शेजारच्या खोलीत गेला नाही. पहाटे उठून अंघोळ, मग देवापुढे दिवा, मग डोळे मिटून बसणं. हा त्यांचा नेम लग्न होऊन आल्यापासून चुकला नव्हता. ताप असो, पाहुणे असोत, नवऱ्याला पोचवून आल्यानंतरची सकाळ असो. नेम झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत.

त्या दिवशी संध्याकाळी चहा करताना त्यांनी साखरेचा डबा उचलला, फडताळाच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझं वजन उतरेपर्यंत माझ्या तोंडात गोडाचा कण जाणार नाही. मी आत्ताच देवाला सांगून आले."

"आई, अहो, तुम्ही कशाला?"

"तू एकटीनं का सोसायचं? माझंही थोडं असू दे."

तिला गलबलून आलं. सासूबाईंना चहा म्हणजे साखर विरघळवायचं निमित्त. त्यांचा मुलगा लहानपणी त्यांच्या कपाच्या तळाशी उरलेली साखर चमच्यानं खात असे. त्या बाईनं तिच्यासाठी तेच सोडलं होतं.

नवरा सायकली दुरुस्त करायचा. अंगानं काडी. घरात शिरताना ग्रीसचे हात वर धरून, कोपरानं दार ढकलून यायचा. जेवायला बसल्यावर त्यानं ताटात पाहिलं. उकडलेलं, बिनतेलाचं, पांढरट असं काहीतरी होतं.

"आई, हे तिचं. माझं कुठाय?"

"सगळ्यांचं हेच."

"अगं पण मी अजून बारीक झालो तर दुकानात स्पोक म्हणून लावतील कोणाच्या चाकाला!"

"जेव गुमान," सासूबाई हसून म्हणाल्या.

तो जेवला. बायकोकडे पाहून डोळे मिचकावत, दुसऱ्यांदा मागून घेऊन जेवला. ती मात्र घास तोंडात फिरवत राहिली. घरातली दोन्ही माणसं तिच्या वजनासाठी झटत होती आणि तिच्या पाठीत कोणीतरी तापलेला खिळा ठोकून ठेवल्यासारखं झालं होतं. बोलायला तोंड उघडावं, तर काय बोलायचं? पाठ दुखते असं म्हणण्याचीही तिला आता लाज वाटू लागली होती. उधळ्या माणसानं खिसा रिकामा झाला म्हणून रडावं, तसं काहीसं. चूक आपलीच, तर कण्हायचा हक्क तरी कुठला?

•

मग वजन उतरायला लागलं.

आधी थोडं, मग भराभर. तिला भूकच लागेना. संध्याकाळी अंगात कसकस यायची, सकाळी उशी ओली असायची. पण कपडे सैल झाले हे सगळ्यांना दिसत होतं आणि उशी कोणाला दिसत नव्हती. समोरच्या घरातल्या काकू वाटेत थांबवून विचारू लागल्या, "काय गं, काय करतेस? मला पण सांग की!" तलावावरच्या तिकीटखिडकीतली मुलगी म्हणाली, "बाई, गाल केवढे छान बसलेत!" नवऱ्यानं एकदा तिच्या मनगटाभोवती आपली बोटं पुरतात का ते पाहिलं, आणि पुरली तेव्हा का कोण जाणे, तो हसला नाही.

सासूबाईंचा आनंद तर गगनात मावत नव्हता. देवापुढून उठताना त्यांचे डोळे भरलेले असायचे. "ऐकलं गं त्यानं. मी म्हटलंच होतं, तो ऐकतो."

डॉक्टरांकडे गेल्यावर तर सोहळाच झाला. सुई मागे सरकलेली पाहून ते खुर्चीतून उठलेच. तिला बाहेरच्या खोलीत नेऊन बसलेल्या पेशंटना म्हणाले, "ह्यांच्याकडून शिका जरा! ह्याला म्हणतात मनावर घेणं!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एका जाड्या गृहस्थांनी लाजून हातातला पुडा पाठीमागे लपवला.

ती भिंतीला टेकून उभी होती. "डॉक्टर, पाठ अजून..."

"जाईल, जाईल. आणखी थोडं उतरू दे. अहो, ह्या वेगानं तर पळायला लागाल!"

सासूबाई तिच्याकडे अशा कौतुकानं बघत होत्या की तिनं उरलेलं वाक्य गिळलं. एवढ्या आनंदात पाठीचा विषय कसा काढायचा? तिच्या पाठीपेक्षा तो आनंद मोठा होता. निदान त्या खोलीत तरी.

•

चष्मेवाली नावाची एक छोटी मुलगी तिच्याकडे यायची. पाण्यात अर्थातच चष्मा नसे, पण नाव तेच. चष्मा काढला की तिला काठही धड दिसत नसे, म्हणून ती फार भ्यायची आणि बाईंच्या पोटावरून डोकं उचलायलाच तयार नसे.

त्या दिवशी तिनं डोकं टेकलं आणि लगेच उचललं.

"काय झालं गं?"

"बाई, तुम्ही टोचता."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे हाड आहे. पूर्वी नव्हतं." मग जरा विचार करून, कोणाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "आणि तुमचा श्वास पण आता खूप छोटा-छोटा येतो. मला पकडताच येत नाही."

ती हसली. "बरं, आज काठ धरून पाय मार." पण मुलीचा तो गंभीर चेहरा डोळ्यांपुढून हलेना. इतक्या दिवसांत एवढीच एक व्यक्ती भेटली होती, जिला तिचं वजन गेल्याचं वाईट वाटलं होतं.

तास संपल्यावर ती शिडीनं वर यायला निघाली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवायला गेली, तर पाय उचललाच जाईना. दुसऱ्या कोणाचा तरी पाय असावा, तसा तो पाण्यात नुसता लोंबत राहिला. तिनं खाली पाहिलं. निळ्या पाण्यात तो तिचाच होता.

शिट्टीवाले काका खुर्चीवरून कसे उतरले ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी दोन्ही दंडांना धरून तिला वर ओढलं. ओल्या फरशीवर बसवलं.

"बाई, हलक्या झालात हो," ते म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं. घाबरले होते ते.

"घरी सांगू नका, काका."

"मी कशाला सांगेन? तुम्ही सांगा."

•

तिनं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे घालताना पाठीची चेन वर सरकेना. हात मागे न्यायचा म्हटलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिनं सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई अंघोळ करून देवापुढे निघाल्या होत्या. "आलेच," म्हणत आत आल्या, चेन धरली, आणि त्यांचा हात तिच्या पाठीला लागला.

ती ओरडली नाही. फक्त तिनं पलंगाचा कठडा धरला.

सासूबाईंनी चेन खाली केली. कपडा बाजूला सारला. कित्येक वर्षांत त्यांनी सुनेची पाठ पाहिली नव्हती, कशाला पाहतील? मणके एकाखाली एक मोजता येत होते. आणि मधल्या एका ठिकाणी, मूठ वळल्यावर बोटाचं पेर वर येतं तसं, एक हाड बाहेर आलं होतं. आजूबाजूला सूज होती. कातडी गरम होती.

"हे केव्हापासून?"

"पहिल्यापासून, आई."

"मला का नाही सांगितलंस?"

ती अगदी हळू म्हणाली, "मी तेच तर सांगत होते."

सासूबाई पलंगावर बसल्या. बाहेरच्या खोलीत नवरा सायकलच्या नळीत हवा भरत होता. पंपाचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"मला वाटलं, त्यानं ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "मी रोज हेच मागत होते गं. हिचं वजन उतरू दे, हिचं वजन उतरू दे. तुझी पाठ बरी होऊ दे, असं मी एकदाही म्हटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तेच धरून बसले."

"आई, अहो..."

"ऊठ. चल."

"तुमचा नेम व्हायचाय."

"चल म्हणते ना."

•

डॉक्टरांच्या खोलीत शिरताच ते उत्साहानं म्हणाले, "या, या! आधी काट्यावर!"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"अं?"

"काट्यावर नाही. आज तिच्या पाठीला हात लावून बघा."

"आजी, पाठीचं कारण आपल्याला माहीत आहे. आपण आधी किती कमी झालं ते—"

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मांडीवर हातात हात घेतले, जसे देवापुढे घेत.

"डॉक्टर, मला मोठ्यानं बोलता येत नाही. कधी सवयच नव्हती. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर विश्वास ठेवून मी साखरसुद्धा सोडली. पण इतक्या वेळा आम्ही आलो, तुम्ही हिचं वजन पाहिलंत, कागद दिलात. पाठ पाहिली नाहीत. तुम्ही एकदा हात लावून बघेपर्यंत मी इथून उठणार नाही. बाहेरच्यांचा खोळंबा होईल, त्याबद्दल मला माफ करा."

आणि त्या खरंच बसून राहिल्या. राग नाही, तणतण नाही. दाराशी नर्स येऊन उभी राहिली, तिच्याकडे पाहून त्या जरा हसल्यासुद्धा.

डॉक्टर उठले. "बरं, या इकडे. पालथ्या झोपा."

त्यांनी बोट ठेवलं. मणक्यामणक्यावरून खाली आणलं. एका ठिकाणी ते थांबले, आणि ती उशीत तोंड खुपसून जी ओरडली ती बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू गेली. डॉक्टरांनी हात काढला नाही. तिथेच अलगद ठेवून उभे राहिले. मग त्यांनी तिच्या तळपायाला किल्लीचं टोक लावलं, पाय उचलायला सांगितला. पाय अर्धाच उचलला गेला.

"संध्याकाळी ताप येतो?"

"येतो."

"रात्री घाम?"

"हो."

"मला बोलला नाहीत कधी."

तिनं उशीतून मान वळवली. त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीच मग खाली पाहिलं.

•

मणक्याचा क्षय निघाला. फोटोत दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्यातून आलेला फुगवटा नसांवर दाबत होता. मोठ्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. औषधं लांबतील, पण रोग बरा होईल. पायांचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही. "थोडं आधी आला असता तर," एवढं बोलून त्या थांबल्या.

नवरा तिच्या उशाशी बसला होता. डॉक्टरीणबाई गेल्यावर तो दातओठ खात म्हणाला, "दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला! हे असलं झालं सगळं."

ती डोळे मिटून म्हणाली, "म्हैस कुणाला म्हणालात?"

तो एकदम ओशाळला. "अगं, म्हण आहे ती. म्हण!" आणि मग दोघंही हसायला लागली. हसण्यानं तिची पाठ दुखली, तरी तिला थांबवेना, आणि हसता हसता तो कधी रडायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ग्रीसनं काळ्या झालेल्या नखांचा हात त्यानं तोंडावर धरला.

दुसऱ्या दिवशी नर्स एक काटा ढकलत पलंगाशी घेऊन आली. तो दिसताच तिच्या अंगावर काटा आला. "पुन्हा?"

"औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, ताई," नर्स म्हणाली. "कमी पडायला नको." तिनं आणि सासूबाईंनी मिळून तिला धरून उभं केलं. नर्सनं आकडा पाहिला, लिहून घेतला आणि काटा परत नेला. च्च नाही, शाबासकी नाही. एवढं साधंही असू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आठवड्यानं ते जुने डॉक्टर आले. पलंगाच्या पायाशी उभे राहिले. हातात काही आणलं नव्हतं आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"मी पहिल्याच दिवशी हात लावायला हवा होता," ते म्हणाले.

सासूबाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "उन्हातून आलात."

•

घरी आणल्यावर तिच्यासाठी गादी काढून पलंगावर फळी टाकली. पाठीला ताठ पट्टा. उठायचं नाही, वाकायचं नाही, दिवसभर छताकडे बघायचं. औषधं सुरू होती. ताप हटला. भूक परतली, आणि सासूबाईंनी कागद काढून टाकला; भिंतीवर चिकटवलेल्या जागेचा चौकोन तेवढा राहिला. डावा पाय हलू लागला. उजवा अजून त्याच्या मनात येईल तेव्हाच हलायचा.

शिट्टीवाले काका एकदा भेटायला आले. तलावावरच्या गमती सांगितल्या. मग जरा अडखळत म्हणाले, "नवीन बाई घेतल्यात हो तात्पुरत्या. फळ्या आणल्यात. पिवळ्या-पिवळ्या. मुलं शिकतात त्याच्यावर."

"शिकतात ना? मग झालं."

"शिकतात," काका म्हणाले. "पण पाण्यात दंगा फार करतात. तुमच्या वेळी कसं, सगळं शांत असायचं."

ते गेले. तिनं श्वास खोल घेऊन पाहिला. पट्ट्याच्या आत पोट वर आलं, खाली गेलं.

सासूबाईंचा चहा अजून बिनसाखरेचाच होता. एक दिवस तिनं विचारलं, "आई, आता कशाला? वजन तर उतरलं. तुमचा बोल पुरा झाला."

"त्या बोलाचं नाव काढू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मीच ओढवून घेतलं हे. मागितलं ते दिलं त्यानं."

"आई, देव काय दुकानदार आहे, यादीत लिहिलं तेवढंच बांधून द्यायला? रोग आधीपासून होता. तुम्ही मागितलंत म्हणून झाला नाही. आणि त्या खुर्चीत बसून राहिला नसतात ना, तर मी आज पायांनी गेले असते. दोन्ही."

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. त्यांना पटलं का, ते तिला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं आईच्या चहात मुकाट्यानं साखर घातली, आणि पहिल्या घोटाला त्या थबकल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि कप रिकामा केला.

"आता देवाकडे काय मागता?" तिनं मग एकदा विचारलं.

"काही नाही. मागायची भीतीच वाटते. माणसाला नेमकं काय मागावं ते कुठे कळतं? आता मी त्याला नुसतं सांगते. आज हिचं काय दुखतंय, कुठे दुखतंय, कसं दुखतंय. पुढचं त्याचं तो बघेल. पण सांगायचं तर आधी आपल्याला नीट माहीत पाहिजे ना."

म्हणून रोज पहाटे, अंघोळ झाली की सासूबाई देवापुढे जाण्याआधी तिच्या पलंगाशी येऊ लागल्या.

त्या दिवशीही आल्या. केस ओले, हातात काड्यापेटी. खिडकीबाहेर नुकतं फटफटत होतं.

"कशी आहेस? आज कुठे दुखतंय?"

एरवी ती "बरं आहे" म्हणायची, किंवा "कालच्यासारखंच". आज तिनं थोडा विचार केला.

"वेळ आहे तुम्हाला? जरा लांबण आहे."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "सांग."

ती सांगू लागली. पाठीतला खिळा आता खिळा राहिला नाही, नुसतं ठसठसतं; पण उजव्या मांडीच्या आतून एक मुंगी चालल्यासारखी खाली जाते, गुडघ्यापाशी थांबते, मग पुन्हा वरून निघते. अंगठ्याला चादर लागते ते कळतं, करंगळीला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दुखतं ते खांद्यांत, कारण इतके दिवस पाण्याशिवाय ते कधी राहिलेच नाहीत. सासूबाई मध्येच विचारत होत्या, "मुंगी एकच, की रांग?" "इथे? की जरा खाली?" आणि हात तिथे ठेवून पाहत होत्या. तिला आणखी आठवत होतं, ती आणखी सांगत होती.

खिडकीत उजाडलं. रस्त्यावर माणसांची ये-जा सुरू झाली. देवापुढचा दिवा अजून लागला नव्हता. पेटीतून काढलेली काडी बोटांत तशीच धरून सासूबाई ऐकत होत्या.